आपलाच गट कापून आलेला विश्वाचा नकाशा

छपाईवाल्या पोराने भेंडोळं हातात दिलं. मी तिथंच काउंटरवर उलगडलं आणि आधी खालचं टोक बघितलं. टोक नव्हतंच. दोन बाय तीन फुटांच्या मापात बसवायचं म्हणून त्याने खालचा दीड-दोन इंचांचा पट्टा उडवला होता. “काका, खाली नुसतं काळं होतं. मेन डिझाइन सगळं आलंय,” हे आणि वर. त्या काळ्यात एक ठिपका होता, आणि तो ठिपका म्हणजे आपली आकाशगंगा. मोजणी खात्यात ३१ वर्षं काढली. गावचा नकाशा द्यायचा आणि त्यातून अर्जदाराचाच गट गाळायचा, असा प्रकार उभ्या नोकरीत बघितला नव्हता.

तर हे परीक्षण त्या नकाशाचं. दुकानाचं नाव लिहीत नाही. पोरगं नवं होतं, आणि दुसरी प्रत त्याने निम्म्या पैशांत काढून दिली.

नकाशाचं नाव ‘द मॅप ऑफ द ऑब्झर्व्हेबल युनिव्हर्स’, म्हणजे आपल्याला दिसू शकतं तेवढ्या विश्वाचा नकाशा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ ब्रिस मेनार आणि त्यांचा माजी विद्यार्थी निकिता श्टार्कमन यांनी तो २०२२ साली लोकांसाठी खुला केला. किंमत शून्य. संकेतस्थळावर बोटाने सरकवत बघता येतो, पोस्टरची फाईलही उतरवून घेता येते. त्यावर सुमारे २ लाख ठिपके आहेत आणि एक ठिपका म्हणजे एक दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह. हे ठिपके कुणी ब्रशने शिंपडलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण घरी येणाऱ्या बहुतेकांना तसंच वाटतं. प्रत्येकाची जागा मोजून लावलेली आहे.

छपाईबद्दल थोडं. पहिली प्रत फ्लेक्सवर काढली, ही चूक माझीच. ९० रुपयांत काम झालं, पण फ्लेक्सवर शाई पसरते आणि हातभर अंतरावरून ठिपक्यांचा चिखल दिसतो. दुसरी प्रत मॅट फोटो पेपरवर काढली. त्याचे ४८० होत होते, त्याने २४० घेतले. वरून चकचकीत लॅमिनेशन करू नका. सगळा नकाशा काळ्या पार्श्वभूमीवर आहे, त्यात दिवसा खिडकी दिसते आणि रात्री ट्यूबलाइट. काच लावायचीच असेल तर खिडकीसमोरची भिंत टाळा.

हॉलमध्ये लावला त्याच दिवशी शेजारचे आले. चहाचा कप तोंडाला लावण्याआधीच विचारलं, “ही कुणाची सोनोग्राफी एवढी मोठी करून लावलीय?” हसू नका, नकाशा हुबेहूब तसाच दिसतो. काळ्यावर उघडलेला पंखा, खाली निमुळता, वर रुंद, आत दाणेदार काहीतरी. आमच्या हिने सोनोग्राफी हेच नाव कायम केलं आहे. “त्या सोनोग्राफीच्या मागे पाल गेलीय” वगैरे.

आता वाचायचा कसा ते सांगतो. पंख्याच्या खालच्या टोकावर आपण. तिथून वर जाल तसं लांब जायचं, आणि प्रकाशाला यायला वेळ लागतो म्हणून तेवढंच मागच्या काळातही जायचं. सर्वांत वरची कड १३.७ अब्ज वर्षांपूर्वीची. हा आकडा प्रकाशाच्या प्रवासाचा काळ आहे, अंतर नव्हे. मधल्या काळात विश्व फुगत राहिलं, त्यामुळे ती कड आज सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षं लांब आहे. पोस्टर बघणारा निम्म्या वेळा इथेच गडबडतो, मीही गडबडलो होतो.

टोकाजवळ निळसर ठिपके आहेत, त्या आपल्यासारख्या सर्पिल दीर्घिका. त्यांच्यावर पिवळट पट्टा लागतो. या लंबगोल दीर्घिका जास्त तेजस्वी, म्हणून जास्त लांबून दिसतात. आणखी वर त्याच लाल होत जातात, कारण विश्वाच्या फुगण्याबरोबर वाटेतला प्रकाशही ताणला जातो आणि तांबडा होतो. यालाच ताम्रसृती म्हणतात. इथवर नातीला पटलं. आठवीत आहे, सोडत नाही. “आबा, मग लालच्या वर परत निळं कसं काय?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले आणि ते सापडलं अजिंक्यताऱ्यावर. रात्री वरून खाली सातारा बघा. राजवाड्याच्या बाजूचे घरातले बल्बसुद्धा सुटे सुटे दिसतात. नजर लांब नेली की घरं हरवतात, हायवेवरचे हॅलोजन तेवढे उरतात. तिकडे वस्ती नाही असं कुणी म्हणणार नाही. नकाशावरचे वरचे निळे ठिपके म्हणजे हे हॅलोजन. त्यांना क्वेसार म्हणतात. दीर्घिकेच्या मध्यभागी प्रचंड वस्तुमानाचं कृष्णविवर असतं, त्यात पडणारा वायू तापून असा पेटतो की अख्खी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी पडते. मुळात ते इतके निळे की बराच ताण सोसूनही निळे दिसतात. त्याहून वर गेल्यावर तेही तांबडे होतात. त्यानंतर काळोखाचा पट्टा, आणि मग कडेला विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश.

म्हणजे नकाशावर जिथं ठिपके विरळ आहेत तिथं दीर्घिका कमी आहेत, असा निष्कर्ष काढायचा नाही. मोजणीवाल्याला हे सांगावं लागत नाही. डोंगरउतारावर मोजणीचा फलक नेताच आला नाही म्हणून नकाशात कोरा राहिलेला तुकडा आणि खरोखरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातात नकाशा देऊ नये.

पंखाच का, पूर्ण गोल का नाही, हाही प्रश्न येतो. हा विश्वाचा पातळ काप आहे, जेमतेम १० अंश जाडीचा. कलिंगडाची एक फोड. आकडे ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’चे. त्या मोजणीने आकाशाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग टिपला आहे. बाकीच्यातला काही भाग दक्षिणेकडचा, तो त्या दुर्बिणीला दिसत नाही. काही आपल्याच आकाशगंगेच्या धुळीआड. आपल्याच घराची भिंत आडवी येते म्हणून पलीकडच्या बांधाची खूण दिसत नाही, असं मला किती वेळा झालं असेल.

मला खरी मजा आली ती ही मोजणी झाली कशी ते वाचताना. दुर्बीण अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, अपाचे पॉइंट वेधशाळेत. आरसा अडीच मीटरचा, म्हणजे आजच्या मानाने लहानच. २००० साली काम सुरू झालं. आधी आकाशाचे फोटो काढायचे, त्यांतून दीर्घिका निवडायच्या. मग आकाशाच्या त्या तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची एक थाळी घ्यायची, चांगली परातीएवढी, आणि प्रत्येक निवडलेल्या दीर्घिकेच्या जागी एक भोक पाडायचं. पुरणयंत्राची जाळी डोळ्यांसमोर आणा, फक्त भोकं रांगेत नाहीत, आकाशात जशी तशी विखुरलेली. एका थाळीला ६४० भोकं, पुढे १,०००. प्रत्येक भोकात प्रकाशतंतूचं एक टोक खोचायचं. कोण खोचायचं? माणसं. हाताने. दिवसा थाळ्या भरून ठेवायच्या आणि रात्री एकामागून एक दुर्बिणीला लावायच्या. प्रत्येक तंतूतून एकाच दीर्घिकेचा प्रकाश खाली वर्णपटमापकात जातो आणि तिचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगवार फोड, मिळते. एक थाळी आकाशाच्या एकाच तुकड्याची, दुसऱ्या तुकड्याला तिचा उपयोग नाही. अशी वीसेक वर्षं.

आम्ही शंकू आणि साखळीने शेतं मोजली तेव्हा एका हद्दीला किती फेऱ्या झाल्या ते टिपणात उतरायचं, गावनकाशावर नुसती रेघ. या पोस्टरवर त्या हातांचा मागमूस नाही. असावा अशी अपेक्षाही नाही. मी आपला तंतू खोचणाऱ्यांचा हिशेब मनात धरून बघतो.

आणखी एक गोष्ट पोस्टर सांगत नाही. उभ्या दिशेचं अंतर कुणी मोजलेलं नाही. मोजली आहे लाली. लालीवरून अंतर काढलं आहे. बहुतेक ठिकाणी हे चालतं. पण दीर्घिकांचा दाट घोळका असेल तर त्या एकमेकींच्या ओढीने आत सैरावैरा धावत असतात, त्यांच्या धावण्याची लाली फुगण्याच्या लालीत मिसळते, आणि मुळात गोल असलेला घोळका अशा नकाशात लांबुडका होतो. अशी सगळी लांबुडकी बोटं आपल्याकडे रोखलेली दिसतात. खगोलवाले त्याला ‘देवाचं बोट’ म्हणतात. १९८६ साली हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातल्या व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी सुमारे ११०० दीर्घिकांचा असाच एक काप काढला होता. त्यात मधोमध काड्यांचा माणूस उभा दिसतो, आणि त्याचं धड म्हणजे कोमा नावाच्या दीर्घिकांच्या गुच्छाचं असं ताणलेलं बोट. त्याच कापाने पहिल्यांदा दाखवलं की दीर्घिका साबणाच्या फेसासारख्या मांडलेल्या आहेत, फुग्यांच्या पडद्यांवर वस्ती आणि आत पोकळी. ११०० ठिपक्यांवर एवढं कळलं. आमच्या भिंतीवर २ लाख आहेत.

बरं, ठिपका दिसला, पुढे काय? नकाशाला आकारबंद हवा. कुठल्या गटाचं क्षेत्र किती, आकार म्हणजे शेतसारा किती, हे नकाशा सांगत नाही, आकारबंद सांगतो. इथला आकारबंद म्हणजे स्लोनचाच ‘स्कायसर्व्हर’, तोही फुकट. त्यात आकाशातला पत्ता घालायचा, विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशाचे रेखांश-अक्षांशच. मी पहिला घातला तो पुण्याचा. म्हणजे पुण्यात सापडलेला. आयुका आणि आयसर पुणे इथल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ साली याच स्लोनच्या आकड्यांतून दीर्घिकांचा एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिलं. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं लांब, आणि विस्तार साधारण ६० कोटी प्रकाशवर्षं. त्याच्या गाभ्यात एबल २६३१ नावाचा गुच्छ आहे. विषुवांश ३५४.४, क्रांती अधिक ०.२७. पडद्यावर काळ्यावर पिवळट मोहरीचे दाणे सांडल्यासारखे आले.

त्यातल्या एका दाण्यावर टिचकी मारली आणि वर्णपट उघडला. वेडीवाकडी रेघ, ईसीजीसारखी. (आमच्या हॉलमध्ये दवाखाना पुरा होत चालला आहे.) त्या रेघेत दोन खोल खाचा शेजारी शेजारी दिसतात, त्या कॅल्शियमच्या. प्रयोगशाळेत त्या ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरला असतात, जांभळ्याच्याही काठावर. इथे त्या साधारण ५०३ आणि ५०८ला, हिरव्यात. नातीला कॅल्क्युलेटर दिला, ५०३ भागिले ३९३. उत्तर १.२८. म्हणजे तो प्रकाश निघाल्यापासून विश्व १.२८ पट ताणलं गेलंय. तिने तीनदा करून बघितलं. मग म्हणाली, “म्हणजे हे कुणालाही मोजता येतं?” येतं. पोस्टर टांगून झाल्यावर हे एवढं जरूर करा, नाहीतर ते कॅलेंडरच्या चित्रासारखं भिंतीवर राहील. पोस्टरवर सरस्वतीचं नाव मी भिंग घेऊन शोधलं, सापडलं नाही. नकाशात नावं फारशी नाहीतच, वाड्यावस्त्यांची नावं नसलेल्या गावनकाशासारखा आहे. पुणेकरांनी स्वतः लिहून घ्यावं.

आता साखळी. ही गोष्ट पोस्टरवर नाही, आणि मला विचाराल तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे. आपल्याकडे मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. लोखंडी साखळी ओढून ओढून कड्या उघडतात, साखळी लांबते, आणि मग तिने मोजलेलं प्रत्येक शेत कागदावर लहान भरतं. म्हणून ती अधूनमधून ठरावीक मापावर ताडून बघायची.

विश्वातही एक साखळी आहे. सुरुवातीच्या तप्त विश्वात आवाजासारख्या लहरी पसरत होत्या. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं झालं तेव्हा त्या थिजल्या, आणि आपलं माप मागे ठेवून गेल्या. आजच्या हिशेबाने सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं. कुठलीही दीर्घिका घ्या, तिच्यापासून एवढ्या अंतरावर दुसरी सापडण्याची शक्यता किंचित जास्त. किंचितच. डोळ्यांनी दिसत नाही, २ लाख ठिपक्यांच्या पोस्टरवर तर नाहीच. असंख्य जोड्यांची अंतरं मोजून बेरीज केली की उंचवटा उठतो. २००५ साली डॅनियल आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या ४६ हजारांहून जास्त लाल दीर्घिकांमधून तो वर काढला. आता वेगवेगळ्या काळातल्या दीर्घिकांत हीच साखळी टाकायची, आणि कोणत्या काळी ती किती लांबली ते बघायचं. आमच्याकडे साखळी लांबली तर मोजणी रद्द. तिथं साखळी किती लांबली हीच मोजणी.

याच कामासाठी आता पुनर्मोजणी चालू आहे, ‘डेसी’ नावाने, ॲरिझोनातल्या किट पीक डोंगरावरच्या चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीतून. (सवयीने आधी जमीन कुणाची ते बघितलं. डोंगर तोहोनो ओओधाम या तिथल्या मूळ लोकांचा, वेधशाळा भाडेपट्ट्यावर.) इथे थाळ्या नाहीत, भोकं नाहीत. ५,००० छोटे यंत्रमानव आपापला तंतू हव्या त्या दीर्घिकेवर धरतात आणि वीसेक मिनिटांनी पुढच्या जागेवर सरकतात. मोजणी २०२१मध्ये सुरू झाली. मार्च २०२५मध्ये पहिला मोठा साठा सगळ्यांसाठी खुला झाला, त्यात १ कोटी ३१ लाख दीर्घिका आहेत. साखळीऐवजी ईटीएस हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक मशीन आलं तेव्हा खात्यातल्या जुन्या लोकांना काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे.

डेसीच्या मोजणीची इतर आकड्यांशी सांगड घातल्यावर असं दिसू लागलंय, की विश्वाच्या फुगण्याला वेग देणारी कृष्ण ऊर्जा सगळ्या काळात सारखी नसावी, अलीकडे क्षीण होत असावी. पुरावा अजून भौतिकवाल्यांच्या पाच सिग्मा या खात्रीच्या उंबरठ्याच्या अलीकडेच आहे. म्हणजे हरकती मागवल्या आहेत, निकाल लागलेला नाही. मला स्वतःला हे प्रकरण लवकर मिटेल असं वाटत नाही.

तर भिंतीवरचा नकाशा जुन्या मोजणीचा आहे हे जाणून घ्या. त्याने बिघडत नाही. डेसीचे सगळे ठिपके दोन बाय तीन फुटांत छापले तर फ्लेक्सवरच्यासारखा चिखलच होईल.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो नावांसाठी आणि साखळीचा उल्लेख नाही म्हणून. छापताना दुकानदाराला कागदावर लिहून द्या: चारी बाजूंनी इंचभर समास सोडणे, काहीही कापू नये, खालचं टोक तर नाहीच. तोंडी सांगू नका. आणि मजकूर इंग्रजी आहे, तेव्हा लहान मुलांसाठी घेत असाल तर शेजारी मराठीत एक चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे नातीने टोकाशी बॉलपेनने बाण काढून ‘आबा’ लिहिलंय.

कापलेला फ्लेक्स टाकून दिला नाही. स्कूटरवर घालतो. पाऊस थांबला की त्यावर थेंब उभे राहतात, आणि सीटच्या जागी, जिथं आपण असायला हवे होतो, तिथं पाणी साचतं.